पावसात चूल कुठे मांडायची?

मृग लागला की शेतकऱ्याचं लक्ष बियाण्याकडे आणि घरातल्या बाईचं लक्ष सरपणाकडे! एकाला पेरणीची घाई, तर दुसरीला गोवऱ्या झाकायची. आपल्या शिर्डी-राहाता भागात आता बहुतेक घरी गॅस आहे. तरीसुद्धा मागच्या दारी किंवा गच्चीत एखादी चूल असतेच असते. अंघोळीचं पाणी, बाजरीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, दूध तापवणं आणि हो, घरातल्या देवघरवाल्या स्वयंपाकघरात न चालणारं मटण... हे सगळं बाहेरच्या चुलीवर. उन्हाळ्यात हे बाहेरचं स्वयंपाकघर म्हणजे मोठं सुख. वारा लागतो, घर तापत नाही, फोडणीचा ठसका घरभर पसरत नाही. पण पावसाचा पहिला सपाटा आला की या सुखाची पार दैना होते.

परवा बचत गटाच्या मासिक बैठकीत विषय निघाला आणि एकेक जण बोलायला लागली. एकीच्या चुलीवरचा पत्रा वादळात थेट शेजारच्या अंगणात. दुसरी छत्री मानेत धरून भाकरी भाजते. तिसरी म्हणाली, "आम्ही आपली चूल उचलतो अन् आतल्या खोलीत नेतो. दार लावून घेतो, म्हणजे झड येत नाही."

मैत्रिणींनो, हे शेवटचं वाक्य मला फार लागलं. झड आत येत नाही हे खरं, पण धूर बाहेर जात नाही त्याचं काय? ओल्या सरपणाचा धूर, बंद खोली, मांडीवर तान्हं पोर आणि शेजारी खोकणाऱ्या सासूबाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या चुलींच्या आणि स्टोव्हच्या धुरापायी जगभरात सुमारे ३२ लाख माणसांचा अकाली मृत्यू झाला. त्यातली सव्वादोन लाखांहून जास्त पाच वर्षांच्या आतली मुलं होती. बाहेरची चूल ही सोय आहे, पण पावसाळ्यात तिला नीट छप्पर नसेल तर ती आत येते आणि सोयीचा आजार होतो. म्हणून बाहेरच्या स्वयंपाकघराचा विचार हा हौसेचा नाही, तर फुप्फुसांचा आणि डोळ्यांचा आहे.

पाऊस थोडा, पण नेमका सणात

कोणी म्हणेल, नगर जिल्हा (आताचा अहिल्यानगर) म्हणजे दुष्काळी. इथे पावसाचं एवढं काय कौतुक? खरं आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला आपला भाग. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्याकडे पाचशेच्या आसपास. पण कोकणातला पाऊस सांगून येतो आणि मुक्कामाला राहतो. आपला पाऊस म्हणजे अवचित आलेला पाहुणा! मे महिन्यात वळीव येतो तो धुळीचं वादळ घेऊन. जून-जुलैत नुसती भुरभुर आणि सोसाट्याचा वारा. आणि सप्टेंबरात, परतीच्या वेळी, दोन तासांत अंगणाचं तळं.

त्यात गंमत बघा. आपले मोठ्या स्वयंपाकाचे दिवस नेमके याच चार महिन्यांत येतात. आषाढात आखाड तळायचा, त्याच महिन्यात गुरुपौर्णिमा. मग पोळा, गौरी-गणपती, पितृपंधरवडा, नवरात्र आणि दसरा. गुरुपौर्णिमा आणि दसरा हे तर शिर्डीचे मोठे उत्सव. १९१८ साली दसऱ्याच्याच दिवशी साईबाबांनी देह ठेवला, म्हणून पुण्यतिथीचा उत्सव तेव्हाच असतो. त्या दिवसांत शिर्डीतल्या कोणत्याही घरी पाहुणे नाहीत असं होत नाही. लांबच्या नात्यातली मंडळी दर्शनाला येतात ती हक्काने आपल्याकडे उतरतात. चार माणसांच्या ओट्यावर पंचवीस माणसांचा स्वयंपाक होत नाही. मोठं पातेलं बाहेरच चढवावं लागतं, आणि ते चढवलं की नेमकं आभाळ भरून येतं!

अंगणातली हंडी

अंगणात अन्न शिजवणं शिर्डीला नवीन नाही. गोविंद रघुनाथ दाभोलकर म्हणजे हेमाडपंत यांनी लिहिलेल्या श्रीसाईसच्चरिताच्या अडतिसाव्या अध्यायात बाबांच्या हंडीचं वर्णन आहे. द्वारकामाईच्या अंगणात चूल मांडून बाबा स्वतः रांधत. त्यांच्याकडे दोन पातेली होती, एक पन्नास माणसांचं आणि एक शंभर माणसांचं. बाजारातून सामान स्वतः आणायचं, मसाला स्वतः पाट्यावर वाटायचा आणि वाढायलाही स्वतःच उभं राहायचं. सामान आणण्यापासून वाढण्यापर्यंत सगळं एकहाती करणारे पुरुष आपल्या घरात किती आहेत, हे ज्याने त्याने मोजावं!

त्याच शिर्डीत २००९ साली संस्थानाच्या प्रसादालयाच्या छतावर त्र्याहत्तर मोठ्या सौर तबकड्या बसवण्यात आल्या. उन्हाच्या उष्णतेने पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर हजारो भक्तांचा भात-वरण शिजवायचं, अशी ती योजना. आपल्यासारख्या गृहिणीला त्यातून एक धडा घेता येतो. ऊन हे ढगांच्या मर्जीवर असतं, म्हणून सौर स्वयंपाकाला नेहमी दुसऱ्या इंधनाची जोड लागते. घरच्या सौर पेटीचंही तेच. ऊन आहे तेव्हा डाळ-तांदूळ त्यात लावा, गॅस वाचेल. पण पावसाळ्यात तिच्या भरवशावर पाहुणे बोलावू नका. बाहेरच्या स्वयंपाकघरात एकाच इंधनावर न राहता दोन सोयी ठेवाव्यात, चूल आणि गॅस.

आधी वारा ओळखा

आता मुद्द्याचं. बाहेर स्वयंपाकघर करायचं तर सुरुवात पत्र्यापासून करू नका, वाऱ्यापासून करा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतांशी पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून त्या बाजूला पक्की भिंत हवी. घराचीच मागची भिंत त्या बाजूला असेल तर उत्तम, खर्च वाचला. दुसऱ्या बाजूला कमरेएवढी भिंत आणि वर जाळी चालते. मात्र निदान दोन बाजू मोकळ्या ठेवा, त्याही समोरासमोरच्या असल्या तर बरं. चारही बाजूंनी ताडपत्री बांधून आत कोळशाची शेगडी पेटवणं म्हणजे संकटाला आमंत्रण. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस गुंगीत जातो आणि उठतच नाही.

वारा कसा ओळखायचा? सोपं आहे. संध्याकाळी जागेवर एक उदबत्ती लावून ठेवा आणि धूर कुठे जातो ते आठ-दहा दिवस बघा. तुमच्या तोंडावर आला तर चुलीचं तोंड फिरवा. शेजारणीच्या खिडकीत गेला तर जागाच बदला, नाहीतर स्वयंपाकापेक्षा भांडणच जास्त शिजेल.

छप्पर : पागोळ्या पायावर नकोत

कोकणातल्या घरांकडून शिकण्यासारखी एक गोष्ट म्हणजे पडवी. छप्पर भिंतीच्या बरंच पुढे आलेलं असतं, त्यामुळे पागोळ्या लांब पडतात आणि माणूस कोरडा राहतो. पूर्वी पावसाच्या तोंडावर माडाची झापं विणून झडीच्या बाजूला बांधत. आपल्याकडची जुनी धाब्याची घरं थोड्या पावसाची, त्यांना अशी लांब वळचण नसे. तीच सवय आपण पत्र्याच्या शेडलाही लावली. ओटा संपतो तिथेच पत्रा संपतो! मग भाकरी थापणारीची पाठ भिजणार नाही तर काय? पत्रा ओट्याच्या पुढे निदान दोन-अडीच फूट आलाच पाहिजे. तो घराच्या भिंतीकडे उंच आणि बाहेर उतरता हवा. 'वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही' अशी म्हणच आहे, पण उतार चुकला तर आढ्याचं पाणी मात्र नक्की पातेल्यात येतं.

पत्र्यावर दगड ठेवण्याची आपली पद्धत आता सोडायला हवी. वादळात पत्रा उडतो आणि दगड खाली येतो, तोही कोणाच्या तरी डोक्यावर. पत्रा लोखंडी पाइपाच्या सांगाड्याला हुक-बोल्टने आवळून घ्या. भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडायचं, खोलगट भागात नाही, आणि बोल्टखाली रबराचा वायसर घालायचा. म्हणजे गळत नाही. खांब जमिनीत काँक्रीटमध्ये रोवलेले हवेत. चुलीच्या डोक्यावर ताडपत्री, हिरवी शेडनेट किंवा पाचट कधीही नको, एक ठिणगी पुरते. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतं. ते कापताना, भोकं पाडताना उडणारी धूळ फुप्फुसाला घातक असते, म्हणून त्यापेक्षा लोखंडी पत्रा किंवा कौलं बरी. पत्रा उन्हाळ्यात तापतो आणि पावसात ताशा वाजवतो हे खरं, पण छप्पर उंच ठेवलं तर दोन्ही त्रास कमी होतात. उतरत्या बाजूलाही आठ फुटांची उंची ठेवा.

आणि त्या पत्र्यावरचं पाणी वाया कशाला घालवायचं? हिशेब करून बघा. शंभर चौरस फूट पत्र्यावर एक इंच पाऊस पडला तर सव्वादोनशे लिटरच्या वर पाणी होतं. पन्हळ लावून ते पिंपात घेतलं तर भांडी घासायला आणि झाडांना चालतं. पहिल्या पावसाचं पाणी मात्र सोडून द्यायचं, त्यात धूळ आणि पाखरांची घाण असते. पिंपाला झाकण किंवा बारीक जाळी हवीच, नाहीतर डेंग्यूचे डास आपणच पाळल्यासारखं होईल.

गच्चीवर करताय? जरा थांबा

शिर्डीत आता जागा सोन्याच्या भावाची. अंगण राहिलं नाही, म्हणून बऱ्याच जणी गच्चीकडे वळतात. विचार चांगला आहे, पण तीन गोष्टी सांभाळा. पहिली, ओझं. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन. त्यात विटांचा ओटा, मोठी चूल आणि पंचवीस माणसं आली. स्लॅब हे पेलेल का, हे गवंड्याला नाही तर इंजिनिअरला विचारा. दुसरी, गळती. शेडचे खांब उभे करायला स्लॅबला भोकं पाडली की वॉटरप्रूफिंग गेलंच समजा. खालच्या खोलीत ओल येते आणि मग 'तुझ्या स्वयंपाकघरापायी' हे वाक्य आयुष्यभर ऐकावं लागतं! खांब कठड्याच्या बाजूने, खाली कॉलम आहे तिथे घ्यावेत. तिसरी, उष्णता. चूल थेट स्लॅबवर कधी मांडू नका, सततच्या तापाने वरचा थर तडकतो. खाली वाळू आणि विटांचा थर द्या किंवा पाय असलेल्या लोखंडी स्टँडवर चूल ठेवा.

शेड कायमची असेल तर आधी नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत विचारून घेतलेलं बरं. 'सगळेच करतात' हे उत्तर नोटीस आल्यावर चालत नाही.

ओटा, फरशी आणि मोरी

बाहेरच्या ओट्याला महागडा दगड लागत नाही. कडाप्पा चालतो, पण लिंबू, चिंच, टोमॅटोचे डाग त्यावर पटकन पडतात. ग्रॅनाइट जास्त टिकतं. फरशी मात्र गुळगुळीत नको. ओल्या पायाने गरम पातेलं उचलताना पाय घसरला तर काय होतं, हे कोणत्याही बाईला सांगायची गरज नाही. खरखरीत शहाबादी सगळ्यांत चांगली. तिला मोरीकडे उतार द्या, चार-पाच फुटांना एक इंच पुरतो. मोरी एका कोपऱ्यात आणि पातेली घासायला बसता येईल एवढी मोठी ठेवा.

एक गोष्ट मिस्त्री हमखास विसरतो, ती म्हणजे उंची. रोजच्या ओट्याची उंची बत्तीस-चौतीस इंच ठीक, पण मोठं पातेलं त्यावर ठेवलं तर ढवळायला पाटावर उभं राहावं लागतं. मोठ्या पातेल्याची जागा गुडघ्याएवढी, दीड फुटाची ठेवा. भात ओळायला आणि पातेलं उतरवायला सोपं जातं. ज्या बायकांना उकिडवं बसवत नाही त्यांच्यासाठी भाकरीची चूलही ओट्यावर बांधता येते. आपल्या आज्या खाली बसून करत होत्या म्हणून आपणही तसंच केलं पाहिजे असं कुठे लिहिलंय?

धुराला वाट द्या

सरकारने १९८० च्या दशकात निर्धूर चुलींची मोठी मोहीम काढली होती. गावोगाव पाइप लावलेल्या चुली बसल्या. पण पाइपात काजळी धरते आणि ती काढावी लागते, हे नीट सांगितलंच गेलं नाही. पाइप तुंबले, धूर परत फिरला आणि कित्येक घरांनी चुली मोडून टाकल्या. आपण हा धडा लक्षात ठेवावा. धुराडं छपराच्या वर निदान दोन फूट न्या, त्यावर पाऊस आत येऊ नये म्हणून टोपी घाला आणि महिन्यातून एकदा काजळी झाडा. हे काम घरातल्या पुरुषाला द्यायला हरकत नाही!

धुराचं दुसरं कारण ओलं सरपण. पऱ्हाट्या, तुराट्या, बाभळीची लाकडं मेअखेर फोडून जमिनीपासून फूटभर उंच मांडणीवर रचा. जमिनीवरच्या ढिगात पावसाळ्यात विंचू-साप आसरा घेतात, म्हणून अंधारात सरपणात हात घालू नका. पुण्याच्या 'आरती' संस्थेने तयार केलेल्या सराई कुकरमध्ये शंभर ग्रॅम कांडी कोळशावर चार-पाच माणसांचं वरण-भात-भाजी शिजते. रोजच्या स्वयंपाकाला अशी साधनं बघायला हरकत नाही. तीही वापरायची मोकळ्या हवेतच.

गॅस आणि वीज

बाहेर गॅस ठेवायचा तर सिलिंडर उन्हात नको आणि पावसातही नको. आपला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूला जाळी हवी. नळी आयएसआय मार्कची, दीड मीटरपेक्षा लांब नको, पाच वर्षांनी बदला आणि दर महिन्याला साबणाचं पाणी लावून बघा. वाऱ्याने ज्योत विझते आणि गॅस सुटत राहतो, म्हणून शेगडीला तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा करा. गॅसचा वास आला तर १९०६ हा चोवीस तासांचा नंबर आहे, तो भिंतीवर लिहूनच ठेवा. आणि ज्या मैत्रिणी घरगुती जेवणाचे डबे देतात त्यांनी घरचा १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरू नये. त्याला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर असतो. अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणीही करून घ्या. ती असली की गिऱ्हाइकाचा विश्वास वाढतो.

विजेचं बटण पाच फुटांच्या वर, झाकणाच्या पेटीत हवं. अर्थिंग आणि शॉक लागताच वीज तोडणारा ब्रेकर बसवूनच घ्या. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून मिक्सर लावायचा नाही म्हणजे नाही.

ज्या बाईच्या नावाने पाटी असते

नगर-मनमाड रस्त्याने जाताना जागोजागी पाट्या दिसतात, 'चुलीवरचं जेवण', 'चुलीवरची भाकरी'. गिऱ्हाइकाला चव लागते, मालकाचा गल्ला भरतो. पण ती भाकरी भाजणारी बाई कुठे बसलेली असते, हे एकदा थांबून बघा. बऱ्याच ठिकाणी हॉटेलच्या पुढ्यात, चार बांबूंवरच्या पत्र्याखाली, धुराकडे तोंड आणि पावसाकडे पाठ करून. तिच्या चुलीवर नीट छप्पर आणि धुराडं असावं, एवढं गिऱ्हाईक म्हणूनही आपण मालकाला सांगू शकतो. आणि हाच प्रश्न आपल्या घरातही आहे. घराचा नकाशा निघतो तेव्हा हॉल केवढा, गाडी कुठे उभी राहणार, यावर तासन् तास चर्चा होते. मागच्या दाराच्या शेडला मात्र 'उरलेल्या पत्र्यात बघू' म्हटलं जातं. तिथे दिवसाचे तीन-चार तास घालवणाऱ्या बाईला कोणी विचारतच नाही.

म्हणून मैत्रिणींनो, गवंडी यायच्या आधी तुम्ही स्वतः एक काम करा. जागेवर रांगोळीने ओटा, चूल, मोरी आखा. घरातलं सगळ्यांत मोठं पातेलं आणि परात तिथे नेऊन ठेवा. खाली बसून बघा, उठून बघा, वळून बघा. एक बादली पाणी ओता आणि ते कुठे जातं ते पाहा. घरातल्या सगळ्यांना तिथे उभं करा, सासऱ्यांना, मालकांना आणि मुलांनाही. मग रांगोळी पुसायची ती पुसा आणि पुन्हा आखा. रांगोळी बदलायला पैसे लागत नाहीत, बांधलेला ओटा फोडायला लागतात. आणि मिस्त्रीने "वहिनी, एवढ्याची काय गरज?" असं म्हटलंच, तर त्याला सप्टेंबरातल्या एखाद्या संध्याकाळी भाकरी खायला बोलवा. मात्र ती त्याची त्यालाच भाजू द्या!